डावीकडचा सांधा

मदिनत खलीफा, दोहा
गुरुवार, ३० ऑक्टोबर

जहूर,

सलाम. तब्येत विचारत नाही, ती रामेश्वर सांगतो. दाढी वाढवलीस, चहात साखर तीन चमचे टाकतोस आणि घरचं नाव निघालं की दुरुस्तीला आलेल्या होडीखाली जाऊन ठोकाठोक करतोस. मासळीची गाडी चालवणाऱ्याला स्वतःच्या पोराची खबर विचारायची वेळ आईवर यावी, यातच सगळं आलं.

फोन तू आम्हा सगळ्यांचे बंद केलेस. अदीबा म्हणाली, "दादी, चाचा हॅज ब्लॉक्ड अस." मी म्हटलं, कागदाला ब्लॉक करून दाखव म्हणावं तुझ्या चाचाला. म्हणून हे पत्र. रामेश्वर सोमवारी आणि गुरुवारी शमालहून, तुझ्या बंदरावरून, मासळी घेऊन येतो, जाताना गाडी रिकामीच असते. एका कागदाचं ओझं त्याला होणार नाही.

लिहितेय मीना. आपल्या व्हिलाच्या मागच्या भागात राहते ती, नाशिकची, श्यामची बायको. अदीबाला सांगितलं असतं, पण तिची मराठी कानातून आत जाते आणि तोंडातून इंग्रजी होऊन बाहेर येते. तुझ्या वहिनीला, सुहानाला, सांगितलं तर ते फैसलच्या ताटात वाढलं जाणार. मीनाच्या पोटात राहतं. माझं राजिवड्याचं बोलणं ती धुऊन इस्त्री करून लिहिते, तेव्हा मधेच कुठे मी शहाणी वाटले तर ते श्रेय तिचं.

तर बातमी अशी की तुझ्या भावाची गाडी रंगून आली. काळा रंग, इतका चकचकीत की त्यात मला माझे उरलेले दात मोजता आले. तीन वर्षं गॅरेजात जो सांगाडा पडला होता, ज्यावर मी वालपापडी निवडायला बसायचे, त्याची आता नवरी झालीय. छप्पर नाही, मडगार्ड नाही, इंजिनावर झाकण नाही. मी म्हटलं, फैसल, अर्धे कपडे घालायचे राहिले हिचे. तर तो म्हणतो, "अम्मा, हॉट रॉड अशीच असते. नव्वद वर्षांपूर्वीची गाडी, वजन कमी करून पळायला बनवलेली." कुणापासून पळायचं आहे त्याला, ते नाही सांगितलं.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी सुहानाच्या कपाटातल्या काचेच्या बांगड्या वाजल्या. समोरच्या घरातलं मांजर त्यानंतर दिसलेलं नाही.

रस्त्यावर न्यायचा परवाना अजून नाही. पण एकवीस नोव्हेंबरला, शुक्रवारी, नमाजानंतर तो ती ट्रकवर चढवून लुसैलच्या पुढे नेणार आहे. त्याच्या कंपनीतले मुदस्सिर साहेब आहेत ना, त्यांचं तिथे मोठं आवार आहे, आत सरळ डांबरी रस्ता. तिथे पळवून बघणार. आधी फैसल आणि मग अदीबा. शंभरच्या वर न्यायची म्हणतात.

एक किरकोळ गोष्ट विचारायची होती. सप्टेंबरातल्या त्या शुक्रवारी तू जेवायला उठलास तेव्हा गाडीचं डावीकडचं काम पुरं झालं होतं का रे? सहज आठवलं म्हणून विचारते. रामेश्वरकडे "हो" एवढं सांगितलंस तरी पुरे.

बाकी ठीक. मीनाला विचारलं, पत्राच्या शेवटी काय लिहितात. ती म्हणाली, तुमची आई. म्हटलं, ते त्याला माहीत आहे.

•

मदिनत खलीफा
सोमवार, ३ नोव्हेंबर

जहूर,

रामेश्वर म्हणतो, तू पत्र घेतलंस, त्याला शुक्रन म्हणालास आणि न उघडता खिशात घातलंस. खिशाला वाचता येत असेल तर उत्तमच.

म्हणून आता सरळ लिहिते. गेल्या वेळी किरकोळ म्हटलं ते खोटं होतं. मीनाने तेव्हाच पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं होतं.

एकोणीस सप्टेंबरचा शुक्रवार. मी गॅरेजच्या दारात स्टुलावर होते, तू गाडीखाली होतास. पुढच्या आसाला जागेवर धरणारे दोन दांडे, ते सांगाड्याला ज्या दोन लोखंडी कानांत अडकतात, ते कान तू जोडत होतास. ते कसले म्हणून मी विचारलं होतं, तर तू म्हणालास, "अम्मा, यातला एक जरी सुटला तर पुढचं चाक मागे येईल आणि गाडी जिकडे तोंड करेल तिकडे जाईल." मी म्हटलं, म्हणजे तुझ्यासारखी. तू हसलास. हसला होतास तू, मला आठवतं.

उजवीकडचा कान तू पुरता जोडलास. मी वेल्डिंगची काळी काच डोळ्यापुढे धरून बघत होते, तूच दिली होतीस. मग डावीकडे सरकलास आणि चार टॅक मारलेस. चार. मला लिहिता येत नाही, पण मोजता येतं. टॅक म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको, गोधडी शिवताना मी आयुष्यभर तेच केलं. आधी कच्चे टाके घालून कापड जागेवर धरायचं आणि मग पक्की शिलाई. कच्च्या टाक्यांवर गोधडी अंगावर घेतली तर सकाळी चिंध्या हातात येतात.

तू चार टॅक मारलेस आणि सुहानाने हाक मारली, पाहुणे आले, जेवायला चला. तू काच बाजूला ठेवलीस आणि हात धुवायला गेलास. त्यानंतर त्या ताटावर जे झालं ते झालं. तू गॅरेजात परत गेला नाहीस, सरळ बाहेरच्या रस्त्यावर.

मंगळवारी तू तुझी हत्यारं न्यायला आलास. मी तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडे होते. घरी कुणीच नव्हतं. मीना म्हणते, तुझी गाडी फाटकाबाहेर तासभर उभी होती. हत्यारं भरायला तासभर लागतो का? लागत असेल, तू काही कमी पसारा घातला नव्हतास. की त्या तासात तू तो सांधा पुरा केलास? हे फक्त तुला माहीत.

कारण त्यानंतर दोन दिवसांनी तो सांगाडा रंगवायला गेला. रंगाऱ्याने खड्डे बुजवून, घासून, गुळगुळीत करून दिला. आता वरून हात फिरवला तर डावं आणि उजवं सारखंच लागतं.

तू म्हणशील, फैसलला का नाही सांगितलंस? सांगितलं. काल दुपारी तो गाडीला फडका मारत होता. म्हटलं, फैसल, तो डावीकडचा सांधा एकदा खरवडून बघ. त्याने फडका थांबवला. म्हणाला, "का?"

म्हटलं, मी चारच टॅक पाहिले.

त्याने फडका उलटा केला. मग म्हणाला, "अम्मा, अब्बांचा नियम विसरलीस?"

विसरेन कशी. खाडीकाठी तुमचा बाप होड्या बांधायचा तेव्हा त्या शेडमध्ये एकच कायदा होता. एकाने फळ्यांच्या सांध्यात कापूस आणि राळ भरली की दुसऱ्याने त्यावर हातोडी वाजवून बघायचं नाही. शंका असेल तर त्या माणसाला विचार. तो "पक्का" म्हणाला की पक्का. एका वर्षी नव्या सुताराने म्हाताऱ्या कासमच्या सांध्यावर ठोकून पाहिलं, तर कासमने हत्यारं गोळा केली आणि चालता झाला. ती होडी पुरा उन्हाळा वाळूत पडून राहिली. तुम्ही दोघं तेव्हा चड्डीत होता, पण बघत होता.

मी म्हटलं, फैसल, पण जहूरने "पक्का" कुठे म्हटलं?

तर म्हणतो, "कच्चं असतं तर त्याने सांगितलं असतं. तो रागावून गेलाय अम्मा, दगा देऊन नाही गेला." आणि पुन्हा फडका मारायला लागला.

आता सांग. तू त्याच्याशी बोलत नाहीस, तो तुझा सांधा खरवडत नाही, आणि मधे माझी नात बसणार आहे.

हो की नाही, एवढंच.

•

गुरुवार, ६ नोव्हेंबर

जहूर,

उत्तर नाही. रामेश्वर म्हणतो, "माँजी, वो चुपचाप ले लेता है." चुपचाप घ्यायला मी काय लाच पाठवतेय?

दिवस बदलला. मुदस्सिर साहेब वीस तारखेला कुठेतरी परदेशी जाणार, म्हणून गाडी एकवीसला नाही, चौदालाच न्यायची. म्हणजे पुढचा शुक्रवार. आठ दिवस.

काल मी स्वतः बघायला गेले. गॅरेजात कुणी नव्हतं. गाडी इतकी खाली बसवलीय की तिच्याखाली फक्त तू आणि ते मांजर जाऊ शकता. गुडघा टेकला, दुसरा टेकला, आणि मग वर येता येईना. अदीबाने येऊन उठवलं. "दादी, व्हॉट आर यू डूइंग?" म्हटलं, नमाज पढत होते. ती म्हणाली, "किबला तिकडे आहे." चुकून मराठीत म्हणाली. घाबरली की तिला मराठी येते.

मग तिला विचारलं, तुला भीती नाही वाटत त्या उघड्या गाडीत बसायची? ती म्हणाली, "दादी, बाबा आणि चाचा दोघांनी बनवलीय. इट्स सेफ." सगळ्या पत्र्याला तिने पॉलिश कागद मारलाय, बोटांची साल गेली तिच्या. विशीची पोर, तिला तो हक्क आहे. तिला मी काय सांगू? तुझा चाचा जेवायला उठला होता म्हणून?

सुहानाला सांगून बघायचा विचार केला. पण सुहाना घाबरेल, ओरडेल, दिवस रद्द होईल आणि कारण बाहेर येईल. मग सगळ्यांच्या तोंडी एकच, जहूर काम कच्चं सोडून गेला. खरं असो वा खोटं, शमालपर्यंत पोहोचेल. कोकणातल्या माणसांना एवढासा देश काय लांब? तुझ्या मालकाच्या कानावर जाईल. हाताखेरीज तुझ्याकडे दुसरं काही नाही, आणि त्याच हाताचं नाव जाईल. म्हणून गप्प आहे. मी गप्प आहे, यावर तुझा विश्वास बसणार नाही. मीनाला विचार.

त्या ताटावरचं थोडं लिहिते, नाहीतर तू म्हणशील म्हातारी सोयीचं तेवढंच लिहिते. फैसल चुकला. मुदस्सिर साहेबांनी विचारलं, "हे कोण?" आणि फैसल म्हणाला, "माय वेल्डर." भाऊ नाही म्हणाला. साहेबापुढे जीभ घसरली की मुद्दाम म्हणाला, अल्ला जाणे. ज्याच्या फीसाठी तू नववीत शाळा सोडून होडीच्या शेडमध्ये गेलास, त्याने तुला तेवढंच नाव दिलं. मला ऐकू आलं नाही, मी ताटातल्या हलवा माशाचं डोकं सोडवत होते.

मीना म्हणते, हे शेवटचं वाक्य लिहू का? म्हटलं, लिही, मी सांगते ते लिही.

•

सोमवार, १० नोव्हेंबर

जहूर,

रामेश्वर म्हणाला, तू तिन्ही पत्रं एकदम वाचलीस. होडीच्या कडेला टेकून, उभ्यानेच. पहिलं वाचताना थोडा हसलास, दुसऱ्याला तोंड काळं पडलं. तिसरं वाचून घडी घातलीस आणि म्हणालास, "जवाब कुछ नहीं." तो म्हणतो, त्यानंतर तू वेल्डिंगची एक कांडी फेकून दिलीस. ओली झालेली फेकतात, ही कोरडी होती.

दुसऱ्या पत्राला का काळा पडलास? त्यात तर मी काहीच वाईट लिहिलं नव्हतं. मी फक्त विचारलं होतं.

असो. तिसऱ्या पत्रात मी खोटं लिहिलं. मीनाने तीन दिवस मला चहा दिला, पण साखरेशिवाय. शेवटी म्हणाली, "आजी, त्या दिवशी खिडकीतून मलाही ऐकू आलं होतं." म्हणजे साक्षीदार निघाली. तर लिही बाई.

मी हलव्याचं डोकं सोडवत नव्हते. मला नीट ऐकू आलं. फैसल म्हणाला, "माय वेल्डर," आणि तू हातातला घास ताटात ठेवलास. सगळे गप्प. तो एक क्षण होता, जहूर. त्या क्षणात मी म्हणू शकले असते, वेल्डर नाही साहेब, माझा धाकटा. पाच शब्द. पण मला गप्प बसलेली माणसं सहन होत नाहीत. सगळे गप्प झाले की माझ्या जिभेला खाज सुटते. मी म्हटलं, "बरं झालं भावाने वेल्डर तरी म्हटलं, नाहीतर ह्याची दुसरी ओळख काय सांगायची?"

सगळे हसले. साहेब हसले, सुहाना हसली, अदीबा पण. फैसल नाही हसला. तू उठलास.

मी दीड महिना सगळ्यांना सांगतेय की फैसलच्या एका शब्दाने पोरगा गेला. फैसल ते मान खाली घालून ऐकतो. एकदाही म्हणाला नाही, अम्मा, तुझ्या वाक्यावर उठला तो. तो गप्प राहिला आणि मी त्याला गप्प राहू दिलं.

तुझी ओळख काय ते मला माहीत आहे. चौदा वर्षांचा होतास, बापाची बोटं करवतीत गेली, आणि दुसऱ्या दिवशी दप्तर खुंटीला लावून तू त्याची हातोडी घेतलीस. मी तुला म्हटलं नव्हतं, जा. पण नको पण म्हटलं नव्हतं.

हे मी आधी लिहायला हवं होतं आणि सांध्याचं नंतर. पण मला वेळ नाही, आज सोमवार आहे. जो राग आहे तो माझ्यावर ठेव, हवा तितका ठेव. फक्त डावीकडचा सांधा सांग. रामेश्वर गुरुवारी येईल. मान हलवलीस तरी तो मला सांगेल. खाली-वर की आडवी.

•

गुरुवार, १३ नोव्हेंबर

जहूर,

मान हलली नाही म्हणे. तू रामेश्वरला चहा पाजलास, त्याच्या गाडीच्या दाराची कडी विनाकारण दुरुस्त करून दिलीस आणि म्हणालास, "अम्माला सांग, मला काही विचारू नकोस."

तो खाली थांबलाय, म्हणून थोडक्यात. मीनाचा हात भरभर चालतोय.

ट्रक उद्या दोन वाजता येणार. फैसलला आज सकाळी पुन्हा म्हटलं. त्याने माझ्यापुढे हात जोडले. म्हणाला, "अम्मा, मी एकदा त्याला भाऊ म्हणायला चुकलो. आता त्याचा सांधा खरवडला तर मी त्याचा कोण उरलो?" त्याचे डोळे भरलेले होते. पन्नाशीचा बाप्या. मी त्याच्याशी भांडू शकत नाही आणि त्याचं ऐकूही शकत नाही.

म्हणून मी ठरवलंय. पहिल्या फेरीला त्याच्या शेजारी अदीबा बसणार नाही, मी बसणार. डावीकडे चालवणारा बसतो ना इथे? मग मी उजवीकडे. सुटला तर डावा कान सुटेल आणि आम्ही दोघं जाऊ, मी आणि फैसल. माझं तर जायचं वय झालंच आहे. त्याचं नाही.

ही धमकी आहे. मी धमकी देतेय हे मला कळतंय. मीना म्हणते, आईने असं लिहू नये. तिची मुलं रोज फोन घेतात.

उद्या दोन वाजेपर्यंत.

•

मदिनत खलीफा
रविवार, १६ नोव्हेंबर

जहूर,

सगळे धड आहेत. हे आधी लिही, मीना, म्हणजे तो श्वास सोडेल.

आता शुक्रवारचं क्रमाने सांगते, मधे मस्करी करणार नाही. केली तर मीना खोडणार आहे, तसं ठरलंय.

साडेअकराला फैसल नमाजाला गेला. सुहाना आणि अदीबा स्वयंपाकघरात डबे भरत होत्या. तू आला नव्हतास, निरोप नव्हता. मी मीनाला बोलावलं. म्हटलं, गोधडी घे आणि फोनचा दिवा लाव. फैसलच्या खणातून पत्रा खरवडायची पट्टी घेतली. गोधडी गाडीच्या कडेला अंथरली आणि मी तिच्यावर आडवी झाले. चाकामागून हात आत गेला. बघता येत नव्हतं, पण पोचत होता.

मी खरवडलं, जहूर. तुझ्या बापाचा नियम माहीत असून. रंग आधी निघेना, मग सालीसारखा निघाला, त्याखाली रंगाऱ्याने भरलेलं ते मेण, मग लोखंड. मीना मला म्हणत होती, आजी बस करा, आजी बस करा. मी पट्टी टाकली आणि बोट फिरवलं.

मला पुस्तकातलं काही वाचता येत नाही, पण ते वाचता आलं. एकावर एक खवले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठे खंड नाही. उजवीकडचा तू बाहेरूनच जोडला होतास. डावीकडचा बाहेरून आणि आतूनही. मला बोटाने आत जाता येईल तिथपर्यंत जोडलेला होता.

म्हणजे मंगळवारचा तो तास.

तू भावावर रागावलेला होतास, आईवर जास्त. रिकाम्या घरात आलास, हत्यारं उचलून जाऊ शकला असतास. आणि तू गाडीखाली झोपून तो सांधा पुरा केलास, लागतं त्याहून जास्त केलास, आणि कुणाला न सांगता गेलास. सांगायची गरज नव्हती, कारण तुझ्या मते हा प्रश्नच नव्हता.

आणि मग मी पत्र पाठवलं, कच्चं तर नाही ना सोडलंस? मग दुसरं. मग तिसरं. कच्च्या टाक्यांची गोष्ट, नातीची गोष्ट, धमकी. पाच पत्रांत मी तुला एकच विचारत राहिले: तू भावाच्या पोरीला मरायला सोडून गेलास का? दुसऱ्या पत्राला तुझं तोंड का काळं पडलं ते मला गोधडीवर पडल्या पडल्या कळलं. कासमने हत्यारं का गोळा केली तेही.

मीनाने हात धरून उठवलं तेव्हा फैसल दारात उभा होता. नमाजाची टोपी डोक्यावर. त्याने जमिनीवरच्या काळ्या साली बघितल्या, माझ्या हातातली पट्टी बघितली.

म्हणाला, "काय निघालं?"

म्हटलं, पक्का.

तो म्हणाला, "मला माहीत होतं." आणि मग पायरीवर बसला आणि रडला, अम्मा, तू हे का केलंस म्हणत. रंगासाठी नाही रडला. म्हणाला, "त्याला कधी कळू देऊ नकोस."

मी कबूल केलं, नाही कळू देणार. आणि आज तुला लिहितेय. आणखी एक गोष्ट लपवून मी जगू शकणार नाही.

गाडी नेली. मी बसले नाही. मला तो हक्क राहिला नव्हता. फैसलने दोन फेऱ्या मारल्या, मग अदीबाने तीन. शंभरच्या वर गेली की नाही विचारलं नाही, पण तिची ओढणी उडून कुंपणाला अडकली. मुदस्सिर साहेबांनी खाली वाकून तो उघडा पडलेला लोखंडाचा तुकडा बघितला आणि विचारलं, हे वेल्डिंग कुणाचं? फैसल म्हणाला, "माझ्या धाकट्या भावाचं. जहूर." नाव घेऊन सांगितलं. उशिरा सांगितलं, पण सांगितलं. याने काही फिटलं असं मी म्हणत नाही. घडलं ते कळवतेय.

रंगारी आज आला होता, तेवढाच भाग परत रंगवून देतो म्हणाला. फैसलने त्याला परत पाठवलं.

आता तुला हे पत्र कसं मिळालं ते सांगते. तू म्हणाला होतास, अम्माला सांग, मला काही विचारू नकोस. या पत्रात मी काही विचारलेलं नाही, मीनाकडून दोनदा वाचून घेतलं. येणार का, हेही विचारलेलं नाही.

उद्या सोमवार. रामेश्वरची गाडी रिकामी परत जाते, पुढच्या सीटवर जागा आहे. फैसलला सांगितलंय. त्याने अडवलं नाही, सोबत येतो असंही म्हणाला नाही. म्हणाला, "आधी तू जा. पहिली माफी तुझी आहे." मासळीच्या वासाचं मला काही नवीन नाही, आयुष्य त्यातच गेलं.

समोरासमोर बोलायला तोंड आहेच, मग कागद कशाला, असं तू म्हणशील. तोंडाचं तू पाहिलंस. तू गप्प उभा राहशील, ते मला सहन होणार नाही, आणि मी तुझ्या दाढीवर काहीतरी बोलेन. तोंड उघडलं की माझ्याकडून माफी निघत नाही, दुसरंच काहीतरी निघतं आणि लोक हसतात. म्हणून जे म्हणायचं ते मीनाकडून लिहून आणलंय आणि तुझ्या हातात दिलंय.

जहूर, मी भर ताटावर तुझी चेष्टा केली आणि मग तुझ्या हातावर शंका घेतली. दोन्हींची माफी मागते.

तू आत्ता हे वाचतो आहेस आणि मी तुझ्यासमोर उभी आहे. सावकाश वाच. पुन्हा वाचायचं असेल तर वाच. तू बोलेपर्यंत मी बोलणार नाही.